शरणपूरची मुलं

रमजानचा पहिला अशरा संपत आला की आमच्या मोबाईलवर आफ्रिका येते. दरवर्षी येते. पोट फुगलेलं, हाडं दिसणारं एक लेकरू, त्याच्या डोळ्यांच्या कडेला बसलेल्या माश्या, मागे कुणाच्या तरी दर्दभऱ्या आवाजातली नात आणि खाली क्यूआर कोड. कामरगावात हा व्हिडिओ सहरीला एका ग्रुपवर पडतो आणि तरावीह होईपर्यंत सगळ्या घरांत पोहोचलेला असतो. यंदा तो आमच्या सहावीतल्या एका मुलीच्या अम्मीपर्यंतही गेला. ही बाई घरी मशीनवर कपडे शिवते, ईदच्या आधीचे पंधरा दिवस तिला मान वर करायला फुरसत नसते. नवऱ्याची दोन एकर कोरडवाहू. पण गळ्यातलं थोडं सोनं आणि जमवलेले पैसे मिळून हिशेब निसाबापर्यंत जातो, म्हणून ती दरवर्षी इमानेइतबारे जकात काढते. दुसऱ्या दिवशी मुलीनं वर्गात विचारलं, "सर, अम्मी विचारते, जकात एवढ्या लांब पाठवली तर अदा होते का? आणि ते पोरगं खरं आहे का?"

पहिला प्रश्न मौलाना साहेबांचा आणि दुसरा पोलिसांचा, आमच्या वाट्याला काहीच नाही, असं म्हणून आम्हाला सुटता आलं असतं. पण तिसऱ्या बाकावरून दोघं-तिघं "सर, आमच्याही घरी आला तो व्हिडिओ" असं म्हणाले, तेव्हा सुटका नव्हती.

पहिल्याचं उत्तर आम्ही असर नंतर मशिदीत विचारून घेतलं. हनफी मसलकात आपल्या वस्तीतले हक्कदार सोडून जकात बाहेर पाठवणं नापसंत मानलं आहे. मात्र दूरचा माणूस नात्यातला असेल किंवा इथल्यापेक्षा जास्त गरजू असेल, तर हरकत नाही, जकात अदा होते. नफली सदका तर कुठंही द्यावा. ज्यांचा मसलक वेगळा त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं.

दुसऱ्याचं उत्तर आम्ही स्वतः शोधलं. तो क्यूआर कोड स्कॅन केला. रक्कम टाकायच्या आधी खातेदाराचं नाव येतं ना, ते पाहिलं. वर व्हिडिओत एका फाउंडेशनचं मोठं नाव होतं, इथे मात्र एका इसमाचं. ना ट्रस्ट, ना संस्था. त्या लेकराचा फोटो खराही असेल, कदाचित दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी काढलेला असेल. पण त्या बाईच्या मशीनवरचे पैसे त्याच्यापर्यंत जाणार नव्हते, एवढं स्पष्ट होतं. वाचकभगिनींनो, एवढी एक सवय लावून घ्या: पैसे पाठवायच्या आधी ते नाव वाचा. संस्थेच्या नावाचं खातं नसेल, नोंदणी क्रमांक नसेल, पावती नसेल, तर बोट तिथेच थांबवा. अल्लाह नियत पाहतो हे खरं, पण ठगाला आपली नियत दिसत नाही, त्याला फक्त आपला पिन नंबर हवा असतो.

इतकं सांगून विषय संपायला हवा होता. पण त्या मुलीच्या प्रश्नातले "एवढ्या लांब" हे शब्द आमच्या डोक्यातून जाईनात.

आफ्रिका आपल्यापासून लांब कधीपासून झाली? आपल्या नबी करीम (स.) यांच्या अम्मीजानचं निधन झालं तेव्हा ते अवघ्या सहा वर्षांचे होते. वडील जन्माआधीच गेलेले. त्या प्रवासातून त्या यतीम लेकराला मक्केला परत आणलं ते उम्मे ऐमन (र.) यांनी, आणि त्या हबशी होत्या. पुढे मक्केत मुसलमानांना जगणं अशक्य झालं तेव्हा सगळ्यात आधी ते कुठे गेले? हबशात. मदीनेच्या आधी हबशा आहे. नजाशी हा ख्रिस्ती राजा, त्यानं कुरैशांच्या माणसांना परत पाठवलं आणि आपल्या लोकांना आसरा दिला. पहिली अजान देणारे हजरत बिलाल (र.) यांचं तर काय सांगावं. म्हणजे उधारीचा हिशेब मांडायचा झाला तर वहीत आपल्याच नावावर बाकी निघते.

आणि दुसरं म्हणजे, आफ्रिकेतली अशी लेकरं महाराष्ट्रात येऊन राहिलेली आहेत. व्हिडिओत नव्हे, खरोखरची. नाशिकला.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी आम्ही नाशिकला गेलो होतो. ज्या हॉलमध्ये सत्र होतं तो शरणपूर रोडला. ऑटोवाल्याला सहज विचारलं, "शरणपूर म्हणजे कुणाची शरण?" तो म्हणाला, "सर, नावच आहे तसं." कॉलेज रोड, गंगापूर रोड, तसाच शरणपूर रोड. दुकानं, बँका, दवाखाने. आम्हालाही तेव्हा पत्ता नव्हता. नंतर वाचनात आलं, आणि तेव्हापासून तो रस्ता आमच्या डोळ्यांसमोर वेगळाच दिसतो.

1854 च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस नावाच्या पाद्र्यानं नाशिक गावाबाहेर एक वसाहत उभी केली. आसरा मागणाऱ्यांचं गाव म्हणून शरणपूर. सुरुवातीला ती इथल्याच नवख्रिस्ती कुटुंबांसाठी होती. 1860 च्या आसपास तिथे आफ्रिकन मुलं येऊ लागली, आणि मग त्यांच्यासाठी वेगळा आश्रम झाला, आफ्रिकन असायलम.

ही मुलं आली कुठून? पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागातून, न्यासा तळ्याच्या आसपासच्या मुलखातून, माणसं पकडून किलवा आणि झांजिबारच्या बाजारात विकली जात. तिथून ढो नावाच्या शिडाच्या जहाजांत कोंबून अरबस्तान आणि इराणच्या किनाऱ्याला. इंग्रजांचं आरमार या ढो अडवायचं. त्यांतून सुटलेली माणसं, त्यांत पोरं बरीच, कधी एडनला उतरवली जायची, कधी मुंबईला. आठ-दहा वर्षांचं पोर, आई-बाप कुठे, गाव कुठलं, काही सांगता येत नाही, भाषा कुणाला कळत नाही. अंगावर मांस नाही. महिना-महिना जहाजाच्या तळाशी मूठभर दाण्यावर काढलेला. कित्येकजण सुटका झाल्यावरही वाचत नसत, कारण शरीरात काही उरलेलंच नसायचं. मुंबईत अशा मुलांचा बंदोबस्त पोलीस कमिशनरकडे असे. काही शहरातल्या कुटुंबांकडे सोपवली जात, काही मिशनच्या शाळांकडे. त्यांतली बरीच नाशिकच्या वाटेला लागली.

इथे एक कडू घोट आहे आणि तो गिळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या ढो चालवणारे, ती पोरं विकणारे बहुतेक कलमा पढणारेच होते. ओमानी अरब होते, स्वाहिली किनाऱ्यावरचे मुसलमान होते. ख्रिस्ती पोर्तुगीज आणि फ्रेंचही या पापात होते, आणि त्यांना भांडवल पुरवणाऱ्यांत आपल्या कच्छ-गुजरातचे हिंदू-मुसलमान दोन्ही व्यापारी होते, हे खरं. अटलांटिक महासागरातून कोट्यवधी आफ्रिकनांना नेणारे कोण होते तेही जगाला माहीत आहे. पण "त्यांनी जास्त केलं" हे उत्तर आमच्या वर्गात सहावीची पोरं देतात आणि आम्ही ते चालवून घेत नाही. ज्या दीननं गुलाम आझाद करण्याला जकातीच्या आठ खर्चांपैकी एक खर्च ठरवलं, कसमेच्या कफ्फाऱ्यात गर्दन सोडवणं लिहिलं, त्या दीनचं नाव घेणारे लोक ही पोरं विकत होते. आपल्या घरांत हे बोललं जात नाही. आम्ही शिक्षक, आम्हाला ते बोलावं लागतं.

वाचकांना आपल्या मातीचाही एक धागा सांगतो. 1861 ते 1865 अमेरिकेत गुलामीवरून यादवी पेटली होती. तिथल्या मळ्यांतला कापूस, जो आफ्रिकेतून नेलेल्या माणसांच्या लेकरा-नातवंडांच्या हातांनी वेचला जायचा, तो इंग्लंडला जाणं बंद पडलं. आणि आपल्या वऱ्हाडाच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावती, खामगावच्या बाजारांतून गठाणी मुंबईला चालल्या, रेल्वेचे रूळ वऱ्हाडात शिरले, मुंबईचे शेठ एका रात्रीत लखपती झाले. म्हणजे ज्या वर्षांत शरणपूरला ती पोरं पाटी-पेन्सिल घेऊन बसली होती, नेमक्या त्याच वर्षांत आमचे पणजोबा-खापरपणजोबा इथे कापूस वेचत होते आणि त्याला भाव मिळत होता तो तिकडच्या गुलामांच्या लढाईमुळे. कुणाला काही माहीत नव्हतं.

शरणपूरला त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, इंग्रजी शिकवलं, इथली बोली तर ती आपोआप उचलत असणार, पोरंच ती. सुतारकाम आणि लोहारकाम हातात दिलं. आणि बाप्तिस्मा दिला. नावं बदलली. याओ जमातीचा चेंगविम्बे नावाचा पोरगा इथे मॅथ्यू वेलिंग्टन झाला. दुसरा एक जेकब वेनराइट झाला. कार्स फरार, रिचर्ड रटन, अशी सगळी साहेबी नावं, आणि चेहरे न्यासा तळ्याकाठचे, पाय गोदावरीच्या काठी.

या पोरांचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. डॉ. लिव्हिंग्स्टन हा प्रसिद्ध स्कॉटिश प्रवासी 1864 साली आपली छोटी बोट हाकत झांजिबारहून मुंबईला आला. त्याच्यासोबत चुमा आणि सुसी हे दोन आफ्रिकन तरुण होते. चुमाला त्यानं मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत ठेवलं, सुसीनं मुंबईच्या गोदीत काम केलं. 1866 मध्ये तो शेवटच्या सफरीला निघाला तेव्हा या दोघांबरोबर नाशिकची नऊ पोरंही होती. त्याच्या लिखाणात या नाशिकच्या पोरांबद्दल कुरकुरच जास्त आहे: आळशी आहेत, कामचुकार आहेत. काही त्याला सोडूनही गेली. (आम्हाला यात आमचेच काही जुने मुख्याध्यापक दिसले, ते असो.) पुढे नाशिकची आणखी सहा पोरं त्याच्या मदतीला पाठवली गेली, त्यांत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते.

1 मे 1873 ला, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या सरदाराच्या गावात लिव्हिंग्स्टन मरण पावला. आता या लोकांनी काय करावं? गोरा साहेब मेला, त्याला तिथेच पुरून घरी जायचं, कुणी विचारलं नसतं. उलट मेलेलं माणूस घेऊन फिरणं त्या मुलखात जीवावर बेतणारं होतं. त्यांनी त्याचं काळीज तिथल्या एका झाडाखाली पुरलं. जेकबनं तिथे दफनाच्या वेळची दुआ वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली. अक्षर नाशिकला गिरवलेलं. मग देह मीठ लावून उन्हात सुकवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि चुमा-सुसीच्या पुढाकारात दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त वाट पायी तुडवत फेब्रुवारी 1874 मध्ये समुद्रकाठच्या बागामोयोला आणला. त्याच्या वह्या, त्याचे नकाशे, सगळं जसंच्या तसं. नऊ महिने. वाटेत त्यांच्यातलीच माणसं गेली. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये जनाजा झाला, तेव्हा ताबूत धरणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. चुमा-सुसी मात्र इंग्लंडला पोहोचले तेव्हा दफनविधी होऊन गेला होता.

आम्ही हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचं नेहमी पेंगणारं पोरगं ताठ बसलं. "सर, आपल्या नाशिकचा?" हो, आपल्या नाशिकचा.

त्याच सुमाराला, 1873 मध्ये, झांजिबारचा सुलतान बरगश यानं इंग्रजांच्या दबावाखाली गुलामांचा बाजार बंद केला. हा बरगशही तरुणपणी मुंबईत राहिलेला, भावाविरुद्ध बंड केलं म्हणून इंग्रजांनी त्याला तिथे ठेवलं होतं. बाजार बंद झाल्यावर आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर सुटलेल्या लोकांची वस्ती करायचं ठरलं. प्राइस पाद्री 1874 मध्ये तिकडे गेला, मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसलं, मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या नावानं. आणि नाशिक-मुंबईत वाढलेले दीडशेच्या आसपास आफ्रिकन तिकडे रवाना झाले. मोंबासात त्यांना लोक "बॉम्बे आफ्रिकन" म्हणत. ते तिथे शिक्षक झाले, सुतार-लोहार झाले, काही पाद्री झाले. नव्यानं सुटून येणाऱ्या लोकांना सावध करायला तिथे एक घंटा लावलेली होती. त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, स्वाहिलीत म्हणजे घंटेची जागा. मॅथ्यू वेलिंग्टन 1935 पर्यंत मोंबासात जगला. एकेकाळचा चेंगविम्बे.

आता आमच्या घरातलीच चर्चा सांगतो. आम्ही हे इफ्तारच्या दस्तरख्वानवर बोललो तर आमचे एक बुजुर्ग, रिश्त्यानं चाचा, पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "बेटा, पाद्र्यांनी पोरं बाटवली, त्यात काय कौतुक? त्यांतली कित्येक मुसलमानांची असतील." असतीलही. तो प्रश्न खोटा नाही. ज्या मुलाला बोलता येत नाही, जायला जागा नाही, त्याला भाकरीसोबत नवं नाव आणि नवा देव देणं, याला आम्ही नुसती खैरात म्हणणार नाही. त्या मुलाला "नको" म्हणायची सोयच नव्हती. आज आमच्या भागातल्या एखाद्या यतीमखान्यात कुणी असं केलं तर आपण गप्प बसू का?

पण आम्ही चाचांना म्हणालो, मलिक अंबरचं काय? तो हबशातला पोरगा, नाव चापू. विकला गेला, मोखा, बगदाद करत फिरला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या मालकानं त्याला मुसलमान केलं, लिहायला-हिशेब करायला शिकवलं आणि नाव ठेवलं अंबर. मग अहमदनगरच्या निजामशाहीतले वजीर चंगेज खान यांनी त्याला विकत घेतलं. ते स्वतःही कधीकाळचे हबशी गुलाम. पुढे तोच अंबर मुगलांना वीस-पंचवीस वर्षं पुरून उरला, 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं, त्या शहराला नहरीचं पाणी दिलं, जमीन मोजून सारा ठरवला. 1626 मध्ये गेला, खुलदाबादला त्याची कबर आहे. आपण त्याचं नाव घेताना छाती फुगवतो. त्याला तरी कुणी विचारलं होतं का, चापूचा अंबर होतोस का म्हणून? आपल्या बाजूला आलं की ते "नशीब उघडलं", त्यांच्या बाजूला गेलं की "बाटवलं".

चाचा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शिकवलं ते बरं केलं दोघांनीही." एवढं कबूल झालं, इफ्तारला तेवढं पुष्कळ.

आम्हाला स्वतःला या नाव बदलण्याच्या गोष्टीनं जास्त का छळलं, ते सांगतो. कारण आम्हीही एका मुलाचं नाव बदललं आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या इथल्या काही तरुणांनी शाळा उघडायच्या वेळी गरीब मुलांना दप्तरं वाटायचं ठरवलं. यादी आम्हीच करून दिली. एक मुलगा होता, वडील गेलेले, आई कापूस वेचायला, तुरीच्या सोंगणीला जाणारी. हुशार, गणितात पहिला. कार्यक्रम झाला, हार-तुरे झाले, स्टेजवर बोलावून एकेकाला दप्तर दिलं. फोटो आम्ही काढला. आम्हीच. "इकडे बघ, हस" असंही म्हणालो. मग तो फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, यतीम व गरजू विद्यार्थ्यांना दप्तर वाटप. सत्तर-ऐंशी लोकांनी माशाअल्लाह लिहिलं.

मुलगा दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो जुनीच खताच्या पोत्याची शिवलेली थैली घेऊन. आम्ही विचारलं, नवं दप्तर कुठे? बोलला नाही. संध्याकाळी घरी गेलो. दप्तर खुंटीला लटकवलेलं होतं, नवंकोरं, पट्टे न उघडलेले. त्याची अम्मी म्हणाली, "सर, पोरं त्याला 'यतीम' म्हणून हाक मारायला लागली. आधी नावानं हाक मारत होती." तिनं शिकायत केली नाही, चहा ठेवला. तो चहा आम्हाला आजही आठवतो.

त्या रात्री आम्ही ग्रुपवर जाऊन फोटो काढून टाकायला गेलो तर वेळ निघून गेली होती. मग ओळखीच्या वीस-पंचवीस लोकांना घरी जाऊन, हात जोडून सांगितलं, तुमच्या मोबाईलमधून काढा. काहींनी काढला, काही हसले. व्हिडिओतलं ते आफ्रिकेतलं लेकरू पाहिलं की आम्हाला आता पहिला प्रश्न हाच पडतो की याला नाव आहे का, आणि हा फोटो काढणाऱ्यानं त्याला "इकडे बघ" म्हटलं असेल का.

मदत करणाऱ्यांत वेगळी माणसंही झाली. कुवेतचे डॉ. अब्दुर्रहमान सुमैत (1947 ते 2013) यांचं नाव काही वाचकांनी ऐकलं असेल. पोटाच्या विकारांचे डॉक्टर, चांगली नोकरी, आणि सगळं सोडून जवळजवळ तीन दशकं आफ्रिकेच्या खेड्यांत राहिले. स्वतःला मधुमेह, रक्तदाब. विहिरी, शाळा, दवाखाने, यतीमांचा सांभाळ. 1996 मध्ये त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला तर ती रक्कम त्यांनी आफ्रिकन मुलांच्या शिक्षणासाठी वक्फ केली, म्हणजे मूळ रक्कम राहावी आणि उत्पन्नातून मुलं शिकत राहावीत. एका रमजानपुरती पेटी नव्हे. पोटाचा डॉक्टर आणि शाळा बांधत फिरला, यातली गोम आम्हाला पटते: जुलाबानं दर महिन्याला आजारी पडणारं पोर वर्गात बसू शकत नाही, आणि अडाणी आईला मीठ-साखर-पाणी कधी द्यायचं ते कुणीतरी सांगावं लागतं. हे आपल्या मेळघाटातही तसंच आहे.

मदत करण्याजोगं संकट तिकडे नाही असं कुणी समजू नये. सुदानमध्ये एप्रिल 2023 पासून लढाई चालू झाली आणि युनिसेफनं तिथल्या परिस्थितीला मुलांच्या विस्थापनाचं जगातलं सगळ्यात मोठं संकट म्हटलं. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात शिकतो. पुण्यात सुदानची पोरं शिकायला येतात ही जुनी गोष्ट आहे. त्याच्या शेजारच्या खोलीत तसेच दोघं. त्यानं फोनवर सांगितलं, "सर, लढाई लागली त्या महिन्यापासून त्यांच्या घरचे पैसे बंद. एकाची लहान बहीण-भाऊ कुठल्या कॅम्पात आहेत ते दीड महिना कळलं नव्हतं. मेसचे पैसे आम्ही सहाजण वाटून भरतो." कुठेही फोटो नाही, पोस्टर नाही. "त्याला कळू दिलं नाही ना?" आम्ही विचारलं. तो म्हणाला, "मेसवाल्याला सांगितलंय, तुझ्या देशातल्या कुणी तरी भरले म्हण."

हे पोरगं आमच्याकडे शिकलं, पण हे आम्ही त्याला शिकवलेलं नाही.

तर यंदा आमच्या मशिदीच्या कमिटीसमोर आम्ही दोन गोष्टी ठेवल्या. दप्तर-वह्यांचे पैसे थेट दुकानदाराला द्यायचे, मुलाची अम्मी इतर गिऱ्हाइकांसारखीच जाऊन सामान आणेल, स्टेज नाही, हार नाही. त्याला विरोध झाला. एक साहेब म्हणाले, फोटो नसेल तर चंदा देणारे पुढच्या वर्षी देणार नाहीत. खरं बोलले ते, यंदा चंदा थोडा कमीच जमला. दुसरी गोष्ट आफ्रिकेची. जकात गावातच राहील, आमच्याकडे हक्कदार कमी नाहीत. पण सदक्याचा एक डबा वेगळा करून ते पैसे एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत, पावती घेऊन, सुदानच्या मुलांसाठी पाठवायचे. यावर अजून एकमत नाही. चाचा बाजूनं आहेत, हे मात्र सांगायला हवं.

त्या सहावीतल्या मुलीनं जेकब वेनराइटबद्दल एक प्रश्न विचारला होता: "सर, त्याचं खरं नाव काय होतं?" आम्ही म्हणालो, माहीत नाही. तिनं वहीत जेकबच्या नावापुढे कंसात जागा मोकळी सोडली आहे. तिच्या अम्मीची जकात गल्लीतल्याच एका बेवा बाईला गेली. आणि सदक्याच्या डब्यासाठी तिनं मुलीच्या हाती पन्नास रुपये पाठवले. ते आमच्या कपाटात, पाकिटावर तारीख लिहून ठेवले आहेत. कमिटीची बैठक येत्या जुम्याला इशानंतर आहे.